परक्या बेटावरील पहिले दिवस

संगणकावरील खेळांची ज्यांना आवड आहे, अशा श्रोत्यांच्या कानांवर 'मॉरोविंड' हें नांव केव्हांना केव्हां आलेंच असेल. अमेरिकेंतील बेथेस्डा या संस्थेनें २००२ सालच्या मे महिन्यांत हा खेळ प्रसिद्ध केला. 'एल्डर स्क्रोल्स' या नांवाची जी खेळांची मालिका आहे, तिच्यांतील हा तिसरा. पुढें २००६ सालीं 'ऑब्लिव्हियन' आणि २०११ सालीं 'स्कायरिम' हे याच मालिकेंतील खेळ निघाले व जगभर पसरले. तरी या जुन्या खेळाचा लौकिक ओसरला नाहीं. आजहि अनेक जण तो नव्यानें मिळवितात, मोठ्या उत्साहानें सुरू करतात, आणि तासाभरांत वैतागून बाजूला सारतात. खेळ वाईट म्हणून ते तो टाकीत नाहींत. त्याची रीत त्यांना कोणी सांगितलेली नसते, म्हणून टाकतात. ती रीत काय आहे, आणि ती तशी कां आहे, एवढें समजलें म्हणजे पहिल्या तासाचा वैताग टळतो, व पुढील कित्येक महिन्यांचा आनंद पदरीं पडतो.

प्रथम खेळाची भूमि पाहिली पाहिजे. टॅमरिएल नांवाच्या एका कल्पित खंडांत मॉरोविंड हा डनमर लोकांचा प्रांत आहे. हे लोक राखाडी वर्णाचे, लाल डोळ्यांचे आणि परक्यांविषयीं साशंक. या प्रांतांतील व्हार्डेनफेल या बेटावर सर्व कथा घडते. बेटाच्या मधोमध लाल पर्वत नांवाचा ज्वालामुखी उभा असून त्याच्या राखेनें भोंवतालचा मुलूख करपून गेलेला आहे. एकीकडे दलदलीचा किनारा, दुसरीकडे हिरवीं कुरणें, कोठें झाडाएवढ्या उंच अळंब्या, तर कोठें एका प्रचंड खेकड्याच्या मोकळ्या कवचांत थाटलेले वाडे, असा हा देश आहे. खेळाडू येथें येतो तो वीर म्हणून नव्हे, तर बादशहाच्या हुकुमानें सुटलेला एक कैदी म्हणून. जहाज सेडा नीन या लहानशा बंदराला लागतें. जकातीच्या कचेरींत त्याचें नांव, वंश आणि कसब यांची नोंद होते. सोन्याचीं ८७ नाणीं आणि एक लखोटा त्याच्या हातीं पडतो. बाल्मोरा शहरांत जाऊन तो कायस कोसेडिस नांवाच्या गृहस्थास द्यावा, अशी आज्ञा होते. एवढें झालें कीं दार उघडतें, आणि त्यापुढें त्याला हात धरून नेणारें कोणी नसतें.

अशा वेळीं नवखा माणूस काय करतो, तें जवळजवळ ठरलेलेंच आहे. कचेरींत टेबलावर पडलेला लोखंडी सुरा तो उचलतो आणि धांवतच गांवाबाहेर पडतो. वाटेंत त्यास चिखलांतला एक खेकडा भेटतो. तो धांवत जाऊन त्याच्यावर वार करतो. पडद्यावर सुरा खेकड्याच्या पाठींतून आरपार गेलेला दिसतो, पण खेकड्यास ओरखडाहि येत नाहीं. दुसरा वार फुकट, तिसरा फुकट, दहावाहि फुकट. आणि शेवटीं खेकडाच त्याला लोळवितो. हा खेळ बिघडलेला आहे असें म्हणून तो संगणक बंद करतो.

परंतु खेळ बिघडलेला नसतो. मेख अशी कीं, येथें वार लागणें न लागणें हें खेळणाराच्या मनगटावर अवलंबून नाहीं. ज्या पात्राची भूमिका तो वठवीत आहे, त्या पात्राच्या अंगच्या कसबावर तें अवलंबून आहे. कागद, पेन्सिल आणि फांसे घेऊन चार मित्रांनीं बसून खेळावयाचे जे भूमिकांचे खेळ १९७४ सालापासून अमेरिकेंत रूढ झाले, त्यांचा हा वारस आहे. तेथें तलवार लागली कीं नाहीं, हें फांशानें ठरतें. येथेंहि फांसे पडतात. मात्र ते पडद्याआड पडत असल्यामुळें खेळणाराला दिसत नाहींत.

या फांशांचा हिशेब अगदीं सोपा आहे. पात्राचें त्या हत्याराचें कौशल्य, त्याच्या चपळाईचा पांचवा हिस्सा आणि नशिबाचा दहावा हिस्सा यांची बेरीज करतात. या बेरजेला दमाच्या मानानें गुणतात: दम पूर्ण असेल तर सव्वापट, आणि पार संपलेला असेल तर पाऊणपट. जो आंकडा येईल, त्यांतून शत्रूची वार चुकविण्याची शक्ति वजा जाते. उरेल तितके वार शंभरांत लागावयाचे. आतां चपळाई ४० व नशीब ४० असलेला एक नवखा घ्यावा. सुऱ्याचें कौशल्य त्यानें निवडलेलेंच नाहीं, म्हणून तें अवघें ५ आहे. बेरीज झाली १७. धांवून धांवून त्याचा दम संपला आहे, म्हणून तिची पाऊणपट, म्हणजे १३ सुद्धां नाहीं. शत्रूचा वांटा वजा केल्यावर हातीं काय उरणार? उलट, तोच माणूस ज्या हत्यारांत त्याचें कौशल्य ४५ आहे तें घेऊन, दम राखून उभा राहिला, तर बेरीज ५७ आणि सव्वापटीनें ती ७१ च्या वर जाते. खेकडा तोच, वार करणारा तोच. परंतु पहिल्या स्थितींत शंभरांत दहा वारहि लागण्याची पंचाईत, आणि दुसरींत निम्म्याहून अधिक लागतात. सेडा नीनच्या चिखलांत जे खेळाडू हताश होतात, ते बहुधा या दोन आंकड्यांमधील अंतर न कळल्यामुळें होतात.

या हिशेबांतून दोन धडे निघतात. पहिला धडा कसबाच्या निवडीचा. खेळांत एकंदर २७ कसबें आहेत. त्यांपैकीं पांच मुख्य व पांच गौण अशीं दहा निवडावयाचीं असतात. मुख्य कसबांचा आरंभ ३० पासून होतो, गौण कसबांचा १५ पासून, आणि बाकीचीं सर्व ५ वर पडून राहतात. शिवाय युद्ध, जादू आणि चोरटेपणा असे कसबांचे तीन वर्ग असून, त्यांतील जो वर्ग आपलासा करावा त्यांतील प्रत्येक कसबास ५ ची भर मिळते. वंशाचीहि देणगी असतेच: इम्पीरियल वंशाच्या माणसास लांब तलवारींत १०, तर रेडगार्ड वंशाच्या माणसास १५ जन्मतःच अधिक मिळतात. या तिन्ही गोष्टींचा मेळ घातला म्हणजे पहिल्याच दिवशीं लांब तलवारीचें कौशल्य ४५ किंवा ५० होऊं शकतें. म्हणून नवख्यानें एकच हत्यार निवडावें, तें मुख्य कसबांत घालावें, आणि तेंच हातीं धरावें. लांब तलवार निवडून कचेरींतला सुरा परजीत फिरणें ही सर्वांत सामान्य चूक आहे. कारण सुरा हें आखूड पात्याचें हत्यार असून त्याचें कसब निराळें आहे. नवख्यासाठीं लांब तलवार चांगली, याचें कारणहि व्यावहारिक आहे: त्या जातीचीं उत्तम हत्यारें या बेटावर पुष्कळ सांपडतात.

हत्याराच्या जोडीस एक चिलखताचें कसब घ्यावें, आणि उरलेलीं कसबें खरोखर वापरावयाचीं तेवढींच घ्यावीं. सगळेंच थोडें थोडें यावें या हव्यासानें दहाहि कसबें दहा दिशांना फेंकलीं, तर एकहि धड येत नाहीं. ज्या नक्षत्रावर जन्म झाला तें निवडण्याची सोय येथें आहे. अशीं नक्षत्रें १३ आहेत. त्यांपैकीं 'लेडी' हें नक्षत्र सहनशक्ति आणि व्यक्तिमत्त्व या दोहोंत २५ ची भर घालतें, व नवख्यास तें सर्वांत निर्धोक. सहनशक्तीला आरंभापासून जपावें. कारण प्रत्येक पायरी चढतांना अंगांतील प्राणशक्ति सहनशक्तीच्या दहाव्या हिश्श्यानें वाढते, आणि मागें राहिलेली वाढ मागाहून भरून मिळत नाहीं. 'अॅट्रोनाक' नक्षत्र मात्र पहिल्या खेपेस टाळावें. त्यामुळें जादूशक्तीचा सांठा मोठा होतो खरा, पण विश्रांतीनें ती शक्ति पुन्हां भरून येत नाहीं.

दुसरा धडा दमाचा. पडद्याच्या कोपऱ्यांत तीन पट्ट्या दिसतात: तांबडी प्राणाची, निळी जादूशक्तीची आणि हिरवी दमाची. नवख्याचें सर्व लक्ष तांबड्या पट्टीकडे असतें. जाणता खेळाडू हिरवीकडे पाहतो. धांवण्यानें आणि उड्या मारण्यानें दम ओसरतो. स्वस्थ उभें राहिल्यानें तो हळूहळू भरतो. शत्रु दिसतांच धांवणें थांबवावें, क्षणभर उभें राहावें, आणि तो अंगावर आल्यावर वार करावा. दमाचा परिणाम केवळ तलवारीवर होत नाहीं. मंत्र साधणें, कुलूप उघडणें, दुकानदाराशीं घासाघीस करणें, कोणाचें मन वळविणें, या सर्वांत थकलेला माणूस मागें पडतो. धांपा टाकीत दुकानांत शिरणाऱ्याला जिन्नस महाग मिळतो, ही गोष्ट ऐकतांना गमतीची वाटली तरी खेळांत ती अक्षरशः खरी आहे.

आतां वाटेविषयीं. नंतरच्या खेळांत पडद्यावर एक खूण चमकत असते आणि खेळाडू तिच्या रोखानें चालत जातो. मॉरोविंडमध्यें अशी खूण नाहीं. येथें माणसें तोंडीं वाट सांगतात: अमक्या पुलावरून जा, नदीच्या काठानें उत्तरेस वळ, डाव्या हातास खिंड लागेल. सांगितलेलें सर्व रोजनिशींत उतरतें. म्हणून येथें वाचल्यावांचून गत्यंतर नाहीं. संवाद घाईनें पुढें ढकलणारा माणूस राखेच्या वादळांत भटकत राहतो. वाटेंतील फांट्यांवर पाट्या आहेत, त्या वाचाव्या. एखादें शहर किंवा गुहा सांपडली कीं नकाशावर तिचें नांव पाहून घ्यावें. आणि शेजारीं एक कागद ठेवून अडलेल्या कामाचे दोन शब्द टिपून ठेवावे. मूळ खेळांतील रोजनिशी केवळ तारीखवार होती. २००२ सालच्याच नोव्हेंबरांत 'ट्रायब्युनल' ही पुरवणी निघाली, तिच्यांत ती कामवार पाहण्याची सोय झाली.

सर्व प्रवास पायींच करावा लागतो असें मात्र नाहीं. सेडा नीनच्या वेशीवर एक अवाढव्य, उंच पायांचा किडा उभा असतो. त्याला सिल्ट स्ट्रायडर म्हणतात. त्याच्या पोखरलेल्या कवचांत उतारू बसतात, आणि थोड्या नाण्यांत तो बाल्मोरास पोहोंचवितो. मोठ्या गांवांतून असे किडे आहेत, बंदरांतून होड्या आहेत; आणि जादूगारांच्या मंडळाचें सभासदत्व घेतलें, तर त्यांचे मार्गदर्शक मंत्राच्या बळावर एका शहरांतून दुसऱ्या शहरांत क्षणांत पोंचवितात. यांशिवाय दोन मंत्र नवख्यानें लवकर संपादावे: एक 'डिव्हाइन इंटरव्हेन्शन', दुसरा 'आल्मसिव्ही इंटरव्हेन्शन'. पहिला बादशाही देवस्थानांपैकीं जवळच्या ठिकाणीं नेऊन सोडतो, दुसरा स्थानिक मंदिराजवळ. संकटांत सांपडलेल्याचा प्राण यांनींच वांचतो. हे मंत्र गुंडाळीवर लिहिलेले विकतहि मिळतात, आणि गुंडाळी वाचण्यास जादूचें कसब लागत नाहीं.

तरीहि सेडा नीन सोडण्याची घाई करूं नये. या चार घरांच्या गांवांत संपूर्ण खेळाचें स्वरूप एकवटलेलें आहे. कचेरीच्या आवारांतील एका पिपांत एक अंगठी सांपडते. ती जखमा भरून काढणारी, म्हणजे नवख्यास सोन्याहून मोलाची. बाहेर पडतांच फारगॉथ नांवाचा एक ठेंगणा, भित्रा मनुष्य आपली अंगठी हरवल्याचें रडगाणें गातो. ती ठेवावी कीं परत द्यावी, हें खेळ सांगत नाहीं. परत केल्यास फारगॉथ आणि त्याचा मित्र दुकानदार अरील हे दोघेहि प्रसन्न होतात. त्याच दुकानाच्या माडीवर बसलेला ह्रिस्कर नांवाचा शिपाई मात्र याच फारगॉथनें लपविलेला पैसा शोधून काढण्याची गळ घालतो; त्यासाठीं रात्रीं दीपगृहावर चढून फारगॉथ कोठें जातो तें पाहावयाचें. गरिबाचा मित्र व्हावें, कीं शिपायाचा हेर व्हावें? काम लहान आहे, पण निवड खरी आहे, आणि ती करणाराच्या स्वभावाची नोंद त्या गांवांत होऊन राहते.

गांवाबाहेर बाल्मोराच्या वाटेला लागल्यावर टारहिएल नांवाचा एक जादूगार आकाशांतून किंचाळत खालीं कोसळतो आणि तेथेंच गतप्राण होतो. त्याच्यापाशीं त्याच्या नव्या मंत्राच्या तीन गुंडाळ्या असतात. हा मंत्र सात सेकंदांपुरती उडी मारण्याची अचाट शक्ति देतो. उडी मारतां येते, पण खालीं येईपर्यंत शक्ति संपलेली असते. टारहिएलला जें भोंवलें तें हेंच. ज्याला ही कथा समजली, तो जमिनीला टेकण्यापूर्वीं दुसरी गुंडाळी वाचतो आणि जगतो. या बेटावर प्रत्येक मौल्यवान वस्तूबरोबर एक धोका बांधलेला आहे, आणि तो धोका बहुधा जवळच लिहून ठेवलेला असतो.

गांवाजवळच अड्डामसार्टस नांवाची चोरट्या व्यापाऱ्यांची गुहा आहे. तेथें माणसांना गुलाम म्हणून डांबून ठेवलेलें आहे. या बेटावर गुलामगिरी कायदेशीर आहे, आणि ती मोडण्याचा हुकूम खेळाडूस कोणी देत नाहीं. किल्ली मिळवून त्यांच्या बेड्या काढाव्या, कीं गुहेंतील माल घेऊन निघून जावें, हें पुन्हां त्याचें त्यानें ठरवावयाचें. नवख्यास ही गुहा कठीण पडते. तेव्हां आंत शिरण्यापूर्वीं खेळाची स्थिति जतन करावी आणि एका वेळीं एकाच शत्रूस अंगावर घ्यावें.

बाल्मोरास पोंचल्यावर कायस कोसेडिसला लखोटा द्यावा. तो पहिल्याच भेटींत २०० नाणीं देतो, आणि म्हणतो तें असें कीं, अजून तूं कच्चा आहेस. एखाद्या मंडळांत काम धर, अनुभव घे, मग ये. पुष्कळ खेळाडू हें बोलणें निव्वळ कथेचा भाग समजून सोडून देतात. वास्तविक नवख्याला याहून शहाणपणाचा सल्ला खेळांत दुसरा मिळत नाहीं. मुख्य कथा कोठें पळून जात नाहीं. ती महिनाभर वाट पाहते.

कामें मिळविण्यास बाल्मोरा उत्तम. योद्ध्यांच्या मंडळांत पहिलें काम उंदीर मारण्याचें मिळतें. जादूगारांच्या मंडळांत अजिरा नांवाची मांजराच्या वंशाची स्त्री चार जातींच्या अळंब्या आणावयास सांगते. त्या सेडा नीनच्याच दलदलीच्या किनाऱ्यावर उगवतात. म्हणून गांव सोडतांना दिसेल ती अळंबी तोडून पिशवींत टाकणारा माणूस बाल्मोरास पोंचतांच हें काम हातासरशीं उरकतो. वनस्पतींपासून औषधें करण्याची विद्या तर नवख्याचा मोठाच आधार आहे. खलबत्ता जवळ असला म्हणजे वाटेवरच्या पानाफुलांतून औषध होतें, कौशल्य वाढतें, आणि उरलेलें विकतां येतें.

पैसा आला कीं तो चिलखतावर उधळण्यापेक्षां शिक्षकांवर खर्चावा. प्रत्येक मंडळांत फी घेऊन कसब शिकविणारे लोक आहेत. तलवारीचें कौशल्य दोन-चार अंकांनीं वाढलें, तर त्याचा उपयोग नव्या तलवारीहून अधिक होतो. विक्री करतांना लक्षांत ठेवावें कीं, प्रत्येक व्यापाऱ्यापाशीं रोकड ठराविक असते व ती २४ तासांनीं पुन्हां भरते. काल्डेरा गांवांतील एका वाड्यांत क्रीपर नांवाचा एक इवलासा सैतान दुकान मांडून बसला आहे. त्याच्यापाशीं ५,००० नाणीं असतात, आणि तो घासाघीस न करतां वस्तूची पूर्ण किंमत देतो. ओझें मात्र बेतानें वाहावें. बळाच्या पांचपट वजन अंगावर नेतां येतें. त्याहून जास्त झाल्यास पाऊल उचलत नाहीं.

आणखी चार खबरदाऱ्या सांगितल्या पाहिजेत. जुन्या थडग्यांतील भुतांवर साधें लोखंड चालत नाहीं. त्यांच्यासाठीं रुप्याचें किंवा मंतरलेलें हत्यार जवळ असावें. रोगट जनावरांशीं झुंजल्यास रोग जडतो आणि अंगचे गुण खालावतात. मंदिरांतील पूजास्थानीं थोडें दान ठेवल्यास सामान्य रोग बरा होतो. चोरलेली वस्तु ज्याची त्यालाच विकावयास नेऊं नये, कारण तो ती ओळखतो. आणि ज्याच्या खेळांत 'ट्रायब्युनल' पुरवणी जोडलेली आहे, त्याला झोपेंतून उठवून एक मारेकरी अंगावर धांवून येतो. नवख्यास हा प्रसंग फार जड जातो. म्हणून निजण्यापूर्वीं खेळ जतन करावा. मारेकरी मारला गेला, तर त्याचें काळें चिलखत हें त्या वेळच्या खेळाडूच्या दृष्टीनें मोठेंच घबाड असतें.

पायऱ्या चढण्याविषयीं एक शब्द. मुख्य व गौण कसबांत मिळून दहा वेळां वाढ झाली कीं विश्रांति घेतांना एक पायरी वर जातां येतें. त्या वेळीं तीन गुण वाढवितां येतात, आणि त्या त्या गुणाशीं निगडित कसबें जितकीं वाढलेलीं असतील, त्या मानानें ही वाढ एकापासून पांचापर्यंत मिळते. दर वेळीं पांचच मिळावे म्हणून कित्येक जण वही घेऊन बसतात. नवख्यानें त्या नादीं लागूं नये. सहनशक्तीकडे लक्ष ठेवावें आणि बाकी खेळ खेळासारखा खेळावा. हिशेबांत गुंतलेल्याला बेट दिसत नाहीं.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या खेळांत जवळजवळ कोणालाहि ठार करतां येतें. ज्याच्यावांचून मुख्य कथा पुढें जाऊं शकत नाहीं, अशा माणसालाहि. तसें झाल्यास भविष्याचा धागा तुटला असल्याची सूचना पडद्यावर येते: जुन्या नोंदीकडे परत जावें, नाहींतर आपण बिघडविलेल्या या जगांत तसेंच राहावें. खेळ थांबत नाहीं, शिक्षाहि करीत नाहीं. केलेल्या कर्माचें फळ मात्र पुसून टाकीत नाहीं. त्याचप्रमाणें ह्लालू, रेडोरान आणि टेलव्हॅनी या तीन मोठ्या घराण्यांपैकीं एकाचेंच होतां येतें. एक दार उघडलें कीं दुसरीं दोन मिटतात. म्हणून एकाच नोंदीवर विसंबूं नये. निरनिराळ्या चार-पांच ठेवाव्या. पण प्रत्येक चुकीनंतर मागेंहि धांवूं नये. कांहीं चुका तशाच राहूं दिल्या, तरच ही कथा खेळणाराची स्वतःची होते.

पुढील खेळांनीं यांतील पुष्कळ अडचणी दूर केल्या. २००६ सालच्या खेळांत तलवार टेकली कीं वार लागतो, होकायंत्रावरील खूण वाट दाखविते, नकाशावर बोट ठेवलें कीं प्रवास होतो, आणि कथेला आवश्यक असलेलीं माणसें मरतच नाहींत. त्या सोयींना नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. त्यांमुळें लक्षावधि लोक या कल्पित जगांत सुखानें वावरूं लागले. परंतु सोयीबरोबर एक गोष्ट हरवते. ज्याला वाट दाखविली जाते, तो मुक्कामास पोंचतो, पण त्याला वाट पाठ होत नाहीं. मॉरोविंडमध्यें महिनाभर हिंडलेल्या माणसाला नकाशा न उघडतां बाल्मोराहून काल्डेरास जातां येतें. कोणत्या पुलावर काय भेटलें होतें, कोणत्या मंदिराच्या पायऱ्यांवर आपला जीव वांचला होता, हें त्याला आपल्या गांवाइतकें आठवतें. परका प्रदेश आपलासा होणें ही जी माणसाच्या आयुष्यांतील एक दुर्मिळ गोष्ट, तिचें सुख हा खेळ देतो. पण त्यासाठीं आरंभीं परकें, दुबळें आणि अडाणी असण्याची तयारी लागते. कैदी म्हणून उतरलेल्या माणसाला पहिल्याच दिवशीं बेटानें मुजरा केला असता, तर शेवटीं मिळणाऱ्या मानाला काय अर्थ राहिला असता?

म्हणून ज्यानें हा खेळ एकदां रागानें बंद केला असेल, त्यानें तो पुन्हां उघडावा. जुना संगणक लागेल अशी भीति नको. मूळ खेळ विकत घेतलेला असला, तर 'ओपनएमडब्ल्यू' या मुक्त कार्यक्रमाच्या साहाय्यानें तो आजच्या यंत्रांवरहि उत्तम चालतो. एक हत्यार निवडावें, दम राखावा, माणसें काय सांगतात तें वाचावें, आणि अळंब्या वेंचीत सावकाश निघावें. एखाद्या महिन्यानें कांहीं कामासाठीं तो पुन्हां सेडा नीनला येईल. पाण्याच्या काठीं तोच खेकडा चिखलांतून वर येऊन नांगी उगारील. या वेळीं एकाच वारांत त्याचा निकाल लागेल. खेकडा पूर्वीचाच असेल. बदललेला असेल तो त्या कैद्याचा हात.